सात महिने एकच आयपीए: आधी कॅनचं बूड बघा

मार्चमध्ये या आयपीएला (इंडिया पेल एल, म्हणजे हॉप्स नावाच्या फुलांनी कडवट आणि सुगंधी केलेली बिअर) मी पाचपैकी दोन गुण दिले होते. ते आज मागे घेतोय.

ठाण्यात नौपाड्यातल्या नेहमीच्या वाईन शॉपमधून नोव्हेंबरपासून महिन्याला दोन-तीन कॅन आणतोय. 500 मिलीचे 240 रुपये. एवढ्यात साध्या लागर बिअरचे दीड कॅन येतात, त्यामुळे माझा घोट हिशेबाचा असतो. पहिलाच कॅन उघडला आणि मोसंबी सोलताना बोटांना लागतो तो वास आला. मागून पपनसाच्या पांढऱ्या पापुद्र्याचा कडूपणा, जिभेच्या मुळाशी बराच वेळ रेंगाळणारा. तळलेल्या बोंबलांसोबत तर फारच छान. तेव्हा चार गुण दिले होते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये मात्र वास गेला. उरला तो भिजलेल्या पुठ्ठ्याचा दर्प आणि मधासारखा चिकट गोडवा. कंपनीने हॉप्स कमी केले, अशी माझी खात्रीच झाली. मेल केला, उत्तर आलं, ‘उत्पादन मुदतीत आहे.’

मे महिन्यात रिकामा कॅन चेपताना बुडाकडे लक्ष गेलं. चंदेरी पत्र्यावर राखाडी ठिपक्यांत तारीख. टॉर्च मारून वाचली: नऊ महिने जुना! आणि दुकानात हे कॅन फ्रिजमध्ये नव्हे, वरच्या फळीवर, पंख्याच्या गरम वाऱ्यात. मालकांना विचारलं तर म्हणाले, ‘अहो साहेब, बिअर आहे, दूध नाही.’

शेजारच्या काकांचंही तेच. आयपीए म्हणे जहाजातून चार-सहा महिने प्रवास करून मुंबईला यायची, तिला काय होणार? पण हॉप्समधली कडू आम्लं बिअर आंबट करणाऱ्या जिवाणूंना रोखतात, म्हणून ती प्रवासात टिकायची. वासाचं तसं नाही. आजच्या आयपीएत आंबवण जोरात असताना किंवा संपता संपता हॉप्स पुन्हा घालतात ते खास सुगंधासाठी, आणि तोच सुगंध आधी उडतो. उष्णता आणि आत राहिलेला प्राणवायू ते काम आणखी लवकर उरकतात. ठाण्याचा मे म्हणजे काय, ते सांगायला नको.

मग घोडबंदर रोडवरच्या एका दुकानातून फ्रिजमधला, पाच आठवड्यांचा कॅन आणला. झाकण उघडताच तीच मोसंबी! बनवणाऱ्यांवर मी अन्याय केला होता.

तरीही माझा राग तारखेवरच आहे. 240 रुपये घेता, पुढच्या बाजूला हत्ती छापता, पर्वत छापता. पॅकिंगची तारीख तेवढी बुडाला, तीही फ्रिजच्या ओलाव्यात अंगठ्याने पुसली जाईल अशा शाईत? दोन कॅनवर मला ती वाचताच आली नाही. दोन्ही काउंटरवरच परत केले.

दोन महिन्यांच्या आतला, थंड ठेवलेला कॅन: साडेचार. फळीवरचा जुना: दीड. तारखेच्या छपाईला शून्य, आणि ती पुढच्या बाजूला येईपर्यंत शून्यच. आता एका वेळी दोनच घेतो, टॉर्च मारून.