पीसीएल-आर : साधन दमदार, पण ऊसतोडीचा हिशोब नाही

पीसीएल-आर म्हणजे कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांची, कैद्यात सायकोपॅथी (पश्चात्ताप नसणं, इतरांना गंडवणं असा स्वभाव) किती आहे ते मोजणारी यादी: 20 मुद्दे, प्रत्येकी 0, 1 किंवा 2 गुण, एकूण 40. उत्तर अमेरिकेत 30 ला ‘सायकोपॅथ’ धरतात, युरोपात बऱ्याचदा 25 लाच. मुलाखतीपेक्षा खरा जीव कागदपत्रांत: एफआयआर, आरोपपत्र, तुरुंगातल्या नोंदी. कागद नसतील तर गुण देऊच नयेत. कैदी गोड बोलून पार गंडवतो, आणि गोड बोलणं हा तर यादीतला पहिलाच मुद्दा!

घोळ होतो तो मराठवाड्यात वापरताना. बीडचा ऊसतोड कामगार दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन निघतो, चार-सहा महिने घराबाहेर, अंगावर मुकादमाची उचल. फाइलीत हेच ‘पत्ता पक्का नाही, कर्जबुडवा’ असं उतरलं की बेजबाबदारपणाचे 2 गुण फुकट चिकटतात. घरच्यांकडून खातरजमा करा. माहिती नसलेला मुद्दा वगळता येतो, मात्र 5 पेक्षा जास्त नाही.

आणि या यादीवरचे गुण म्हणजे समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकाराचं (कायदे आणि इतरांचे हक्क सतत पायदळी तुडवण्याचा विकार) निदान नव्हे. त्याला वय 18 पूर्ण लागतं, शिवाय 15 च्या आधीपासूनचा वर्तनविकार. 2002 च्या एका मोठ्या आढाव्यात 47 टक्के पुरुष कैद्यांत तो आढळला. 30 गुण गाठणारे त्याहून बरेच कमी असतात.