बिल विकून पैसे: ट्रेड्सचा आमच्या वर्कशॉपमधला अनुभव

नाशिकला अंबड एमआयडीसीत आमचं टर्निंगचं छोटं वर्कशॉप आहे. मशीन हे बघतात, बिलं आणि बँक मी बघते. माल मोठ्या कंपन्यांना जातो आणि पैसे नव्वद दिवसांनी येतात. धातूचे बार पुरवणारा मात्र एवढं थांबत नाही, पगार सात तारखेला करावाच लागतो, आणि जीएसटी तर बिल फाडलं की पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला भरायचाच, कंपनीने आपल्याला तो दिलेला असो वा नसो. हातात ऑर्डर भरपूर आणि खात्यात खडखडाट, ही अवस्था ज्यांना ओळखीची आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय.

ट्रेड्स म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने चालणारा, पैसे यायचे बाकी असलेल्या बिलांचा ऑनलाइन बाजार. आपलं बिल तिथे चढवायचं, कंपनीने ते मान्य करायचं, मग बँका आणि फॅक्टरिंग करणाऱ्या, म्हणजे बिलं विकत घेणाऱ्या वित्तसंस्था त्यावर व्याजदराच्या बोली लावतात. परवडेल ती बोली आपण स्वीकारायची. नियम २०१४ च्या डिसेंबरात आले आणि आरएक्सआयएल, एमवनएक्सचेंज, इन्व्हॉइसमार्ट हे तीन प्लॅटफॉर्म २०१७ मध्ये सुरू झाले. पुढे आणखीही आले. आमचं खातं कुठे आहे ते लिहीत नाही, कारण मूळ पद्धत सगळीकडे तीच आहे.

एक बिल उदाहरणादाखल घेते. मूळ रक्कम ४,१८,०००. त्यातल्या काही रिजेक्ट नगांची १८,००० ची डेबिट नोट (बिलातली वजावट) कंपनीने लावली आणि चार लाख मान्य केले. लिलावाला जाते ती ही मान्य झालेली रक्कम, बिलावरची नव्हे. तोवर मुदतीतले ७५ दिवस उरले होते. सकाळी पहिली बोली ९.१० टक्क्यांची आली. थोड्या वेळाने ८.६० ची दिसली. मी जेवायला उठले नाही, स्क्रीनसमोरच बसून राहिले, आणि दुपारी ८.३५ ची आली ती स्वीकारली. व्याज ६,८६३ रुपये आधीच कापून दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी ३,९३,१३७ रुपये खात्यात जमा झाले. प्लॅटफॉर्मचं शुल्क आणि त्यावरचा जीएसटी वेगळा, पण तो नगण्य. हेच बिल पूर्वीसारखं महिना दोन टक्क्यांनी बाहेर फिरवलं असतं तर वीस हजार गेले असते.

दर एवढा खाली का येतो? बोली लावणारी बँक आपल्या वर्कशॉपची पत बघत नाही, ज्या कंपनीवर बिल आहे तिची बघते. पैसे शेवटी तीच देणार असते. आमच्या सीसीचा, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाचा, दर याहून बराच जास्त आहे, आणि सीसीला घर तारण आहे. इथे तारण काही नाही. बिल विकलं की विकलं. मुदतीच्या दिवशी रक्कम कंपनीच्या खात्यातून जाते आणि कंपनीने चुकवली तर तो त्या बँकेचा आणि कंपनीचा प्रश्न. वसुलीला आपल्या दारात कोणी येत नाही. ‘म्हणजे अजून एक लोनच ना?’ असं ह्यांनी सुरुवातीला विचारलं होतं. नाही, हे लोन नाही, आणि माझ्या मते या सेवेचा सगळ्यात मोठा गुण हाच आहे.

नोंदणी किचकट नाही. उद्यम प्रमाणपत्र, पॅन, जीएसटी, भागीदारी करारनामा, स्टँप पेपरवर एक करार. एवढंच लक्षात ठेवा की सीसी असेल तर येणी बँकेकडे गहाण असतात, म्हणून बँकेचं ना-हरकत पत्र आधी मागून ठेवा. आमचं घोडं तिथेच अडलं होतं.

आता खरी अडचण. लिलाव सुरू होण्याआधी कंपनीने बिलाला होकार द्यावा लागतो, आणि सगळा खेळ त्या एका क्लिकवर आहे. आमच्या दोन मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एकाकडे ती क्लिक तीन-चार दिवसांत होते. दुसऱ्याकडे माल गेटमधून आत गेला तरी जीआरएन (माल मिळाल्याची पावती) निघत नाही. जीआरएन निघाला तर क्वालिटीची सही बाकी असते. सही झाली की अकाउंट्सचे साहेब म्हणतात, ‘मॅडम, तुमचं बिल सिस्टिमला दिसतंय, पण ट्रेड्सचं काम बघणारा माणूस रजेवर आहे.’ होकार येईपर्यंत मुदत संपत आलेली असते, मग विकायला उरतं काय? त्यांना खरं तर नको असतं ते वेगळंच. ट्रेड्सवर बिल मान्य केलं की त्या तारखेला खात्यातून पैसे जाणारच, मग ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणता येत नाही.

सरकारने २०२४ च्या नोव्हेंबरात अधिसूचना काढून अडीचशे कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ३१ मार्च २०२५ पर्यंत ट्रेड्सवर नोंदणी सक्तीची केली. आधी ही मर्यादा पाचशे कोटी होती. चांगलं झालं, पण सक्ती नोंदणीची आहे, बिल मान्य करण्याची नाही. हे दुसरं गिऱ्हाईकही नोंदणीकृत आहे.

आयकर कायद्यात आलेल्या ४३बी(एच) या कलमाने मात्र थोडा फरक पडला. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं देणं लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत दिलं नाही, तर प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च कंपनीला वजावटीत धरता येत नाही. त्यामुळे मार्च जवळ आला की फोन उचलले जातात. एरवी उशिरा पैसे देणाऱ्यांची सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार करता येते, चक्रवाढ व्याजही मागता येतं. पण व्हेंडर कोड, म्हणजे त्या कंपनीकडची पुरवठादार म्हणून आपली नोंद, गमावायची तयारी किती जणांची असते?

म्हणून तुम्ही उत्पादक असाल किंवा सेवा देत असाल, तर नोंदणी करण्याआधी प्लॅटफॉर्मची तुलना करत बसू नका. आपल्या गिऱ्हाइकाच्या अकाउंट्सला फोन करा आणि दोनच गोष्टी विचारा: ट्रेड्सवर तुम्ही बिलं प्रत्यक्ष मान्य करता का, आणि ते काम कोणाकडे आहे? उत्तरात एखाद्या माणसाचं नाव मिळालं तर बेलाशक नोंदणी करा. ‘आमची नोंदणी आहे’ एवढंच ऐकू आलं तर सीसी लिमिट सांभाळून ठेवा. आम्ही आता नव्या ऑर्डर घेतानाच पीओच्या (खरेदी ऑर्डरच्या) अटींमध्ये ‘बिल ट्रेड्सवर सात दिवसांत मान्य करावे’ अशी ओळ घालायला सांगतो. पहिल्या गिऱ्हाइकाने ती घातली. दुसऱ्याशी बोलणं चालू आहे.

रिझर्व्ह बँकेकडे माझी एकच मागणी आहे. एमएसएमई कायद्यात २००६ पासून लिहिलेलं आहे की माल मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर तो स्वीकारला असं धरायचं. हाच नियम ट्रेड्सच्या स्क्रीनवर लावा. पंधराव्या दिवसापर्यंत हरकत आली नाही, तर सोळाव्या दिवशी बिल आपोआप लिलावाला जाऊ द्या.