आमच्या कॉलेजचा दिव्यांग सहाय्य कक्ष: दोन स्टार, त्यातला दीड लायब्ररीच्या काकांचा

मी रिव्ह्यू लिहिणाऱ्यातली नाही. आजवर दोनच लिहिले, एक कुलरच्या पंपाचा आणि एक चपलेचा. पण बारावीचा निकाल लागला की मेसेज सुरू होतात, "ताई, तुमच्या कॉलेजात दिव्यांगांसाठी वेगळा कक्ष आहे म्हणतात, प्रवेश घेऊ का?" प्रत्येकीला वेगळं टाइप करून बोटं दुखतात, आणि माझी बोटं दुखणं ही साधी गोष्ट नाही. म्हणून एकदाच लिहून टाकते. कॉलेजचं नाव घेत नाही, मला अजून दोन सेमिस्टर तिथंच काढायची आहेत.

मी बी.एस्सी.ला आहे, राहते नागपुरात, इंदोऱ्याला. मला सिकलसेल आहे, एसएस, म्हणजे आई-बाबा दोघांकडून आलेला. विदर्भात एवढं सांगितलं की पुरतं. आमच्याकडे लग्नाच्या बोलण्यात पत्रिकेआधी रक्ताचा रिपोर्ट मागणारे लोक आहेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि अडकल्या तिथं दुखतं. दाढ ठणकते ना, तसा अख्खा हात ठणकतो. पाणी कमी पडलं, थंडी बाधली, दमणूक झाली की केव्हाही सुरू होऊ शकतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांची यादी आहे, त्यात सिकलसेल नावानिशी छापलेलं आहे. माझ्या प्रमाणपत्रावरची टक्केवारी चाळीसच्या वर आहे, यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, पर्समध्ये असतं. पण दिसायला मी धडधाकट. चालते, बोलते, उशीर झाला तर मेट्रोसाठी पळते पण. भोगते ते रात्री, घरी.

कक्ष तळमजल्यावर आहे, परीक्षा विभागाला लागून. जागा चांगली निवडली, हे कबूल. दाराशी उतार आहे आणि तो नावापुरता नाही, चांगला लांब, सोपा, दोन्हीकडे दांडे. आत एक टेबल, एक कपाट, कोपऱ्यात एक व्हीलचेअर. तिच्या हातांवरचं प्लास्टिक मी पहिल्या वर्षी पाहिलं होतं, ते अजून निघालेलं नाही.

पहिल्या दिवशी मॅडमनी फॉर्म दिला. 'दिव्यांगत्वाचा प्रकार: अंध / कर्णबधिर / अस्थिव्यंग / इतर.' मी 'इतर'वर टिक केली. पुढे लिहायला जागाच नव्हती, लगेच खालची ओळ सुरू. मग समासात आडवं लिहिलं, सिकलसेल. मॅडमनी कागद फिरवून वाचला. "हे तं आजारपण झालं ना व बाई. हे मेडिकल सर्टिफिकेटमधे येते, आमच्याकडे नाही." मी कार्ड दाखवलं. त्यांनी दोन्ही बाजूंची झेरॉक्स आणायला सांगितली, ती आणली, ती कपाटात गेली. त्या कपाटाची आणि माझी पुढे बरीच ओळख झाली.

कक्षाचे समन्वयक प्राणिशास्त्राचे सर. माणूस वाईट नाही, त्यांच्या गळ्यात हे काम वर्गांवर वर्ग घेऊन झाल्यावर मारलेलं आहे. गंमत अशी की आम्हाला आनुवंशिकी तेच शिकवतात. बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाच्या ऐवजी व्हॅलिन येतं आणि सगळं बिघडतं, हे त्यांनी फळ्यावर इतकं सुंदर काढून दाखवलं की मला माझाच आजार पहिल्यांदा नीट कळला. तेच सर कक्षात बसले की विचारतात, "पण बेटा, तुला नेमकी अडचण काय होते?"

अडचण एक, लिफ्ट. आमच्या लॅब तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टला पाटी आहे, 'फक्त प्राध्यापक व दिव्यांग विद्यार्थी', आणि कुलूप आहे. किल्ली शिपाईकाकांकडे. काका चहाला गेले की किल्लीही चहाला जाते. सापडले तरी रोजचा संवाद ठरलेला: "तू तं चांगली चालून राहिली, पाय मोडला का?" मग कार्ड काढा, दाखवा, मागून येणारी पोरं बघणार. इंदोरा चौकापासून सीताबर्डीपर्यंत आणि तिथून अ‍ॅक्वा लाइननं पुढे, मी रोज मेट्रोच्या लिफ्ट वापरते. बटण दाबलं की दार उघडतं, बस. माझ्या पायांची चौकशी फक्त कॉलेजातच होते. दुसऱ्या सेमिस्टरपासून मी जिनेच चढायला लागले, तीन मजल्यांत दोनदा थांबून. हा माझा मूर्खपणा होता, पण रोज पुरावा द्यायला पण दम लागतो.

अडचण दोन, आणि खरं भांडण हेच, परीक्षा. दहावी-बारावीला मला तासाला २० मिनिटं जादा मिळाली होती, कोणी भुवई उंचावली नाही. इथं मॅडम म्हणाल्या, जादा वेळ लेखनिकवाल्यांनाच. असं काही नाही. केंद्र सरकारच्या २९ ऑगस्ट २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलं होतं की ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्यानं लेखनिक घेतला नाही तरी तीन तासांच्या पेपरला किमान एक तास जादा द्यावा. मी प्रिंट काढून नेली, ओळ पिवळी करून. सरांनी वाचली, म्हणाले, "बरोबर आहे तुझं," आणि अर्ज ठेवून घेतला. मी निश्चिंत. अर्ज परीक्षेच्या फॉर्मबरोबर पुढे जायला हवा होता, तो गेला कपाटात.

डिसेंबरचा पहिला पेपर, सकाळी साडेनऊचा. नंबर खिडकीशी, खिडकीची एक काच नाही. नागपूरची थंडी बाहेरच्यांना खोटी वाटते, पण डिसेंबरात सकाळी ती बाकातून वर चढते. स्वेटर, वर आईची शाल. पाण्याची बाटली पर्यवेक्षकांनी दाराबाहेर ठेवायला लावली, लेबल काढून आणली होती तरी. दीड तासानं उजव्या हाताची बोटं जड झाली, मग मनगट, मग कोपरापर्यंत ठणका. मी पेन मुठीत धरून लिहायला लागले, लहान मुलं खडू धरतात तसं. एक ओळ लिहायची, हात शालीत घालायचा, दहापर्यंत मोजायचं, पुढची ओळ. तीन तास झाले. मी म्हटलं, सर, मला जादा वेळ आहे. त्यांनी यादी बघितली. "तुझं नाव नाही याच्यात." आणि पेपर ओढला, रागानं नाही, सवयीनं. शेवटचे दोन प्रश्न कोरे राहिले. वरच्या एका प्रश्नात 'सिकलसेल अ‍ॅनिमियाचे आनुवंशिक कारण स्पष्ट करा' होतं. ते मात्र पूर्ण लिहिलं होतं, आकृतीसकट.

दुसऱ्या पेपरलाही तेच. बाबांनी ऑटोचा अख्खा दिवस पाडला आणि परीक्षा विभागासमोर बसून राहिले, तेव्हा तिसऱ्या पेपरपासून वेळ मिळाला आणि बाटली आत आली. गेलेल्या दोन पेपरांचं काय, तर "पुढल्या वेळी लवकर अर्ज कर." अर्ज ऑगस्टमध्ये दिला होता.

आता नॅकची गोष्ट, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेची. नॅकच्या मूल्यांकनात कॉलेज दिव्यांगस्नेही आहे की नाही याचा वेगळा मुद्दा असतो, त्याला फोटो जोडावे लागतात. कमिटी यायच्या आठवड्यात मला कक्षात बोलावलं. माझी पहिल्यांदाच कोणी आपणहून आठवण काढली होती. गेले तर कॅमेरावाला उभा, उतार धुतलेला, दोन कुंड्या. मॅडम म्हणाल्या, "दोनच मिनिटं व्हीलचेअरवर बसते का? मागून ढकलणारी आहे." मी म्हटलं, मॅडम, मला व्हीलचेअर लागत नाही. "माहीत आहे व, पण तू आपल्या कक्षाचीच आहेस ना." लिफ्टपाशी मी दिव्यांग नव्हते, पेपरात नव्हते, फोटोपुरती झाले. मी नाही बसले. शेवटी एनएसएसची एक मुलगी बसली, ती कबड्डी खेळते. फोटो छान आलाय, वेबसाइटवर आहे.

मग दोन स्टार कशाचे? अर्धा त्या उताराचा, कारण एक दिवस कोणाला तरी तो खरंच लागेल. दीड लायब्ररीच्या काकांचा. ते कक्षाचे कोणी नाहीत. मी दवाखान्यात असले की पुस्तकांची मुदत आपणहून वाढवतात, दंड लावत नाहीत. उन्हाळ्यात कुलरचा झोत थेट अंगावर येणार नाही अशी कोपऱ्यातली खुर्ची माझ्यासाठी राखतात. एकदा तिथंच दुखायला लागलं तेव्हा काही न विचारता त्यांनी गरम पाण्याची बाटली रुमालात गुंडाळून हातात दिली आणि भावाला फोन लावला. मी विचारलं, काका, तुम्हाला कसं माहीत? म्हणाले, "माझ्या भाचीला होता." होता, म्हणाले. मी पुढे विचारलं नाही.

तर प्रवेश घ्यायचा का? शिक्षक चांगले आहेत, लॅब चांगल्या आहेत, घ्या. कक्षाच्या भरवशावर घेऊ नका. प्रत्येक अर्जाच्या दोन प्रती करा, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय हलू नका, आणि परीक्षेचा फॉर्म भरायच्या आत अर्ज विद्यापीठाकडे गेला का ते स्वतः जाऊन बघा. तोंडी 'हो बेटा' म्हणजे काहीच नाही. लेखनिक हवा असेल तर स्वतःचा आणायची मुभाही त्याच २०१८ च्या सूचनांत होती, आताचा नियम बघा आणि तुम्हाला नाही सांगितलं तर त्याची प्रिंट न्या.

मी या वर्षी प्राचार्यांना लेखी तक्रार दिली, शिक्क्यासकट. पंधरा दिवसांनी लिफ्टची दुसरी किल्ली लायब्ररीत ठेवली गेली, हे चांगलं झालं. दोन पेपरांबद्दल अजून उत्तर नाही. आणि कक्षाचा फॉर्म नवीन छापलाय, 'इतर'च्या पुढे आता एक रेघ आहे. मी भरून पाहिला. 'सिकलसेल' मावतं, 'अ‍ॅनिमिया' समासात जातं.