राजारामपुरीतला इंग्रजी लेखनाचा क्लास: सूर लागला, पंखा नाही लागला

कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाच्या पेढीवर मी निर्यातीची पत्रं लिहितो. ‘हा पहिला माल पुढच्या व्यवहाराची ट्यून सेट करेल’ अशा अर्थाचं इंग्रजी एकदा ठोकून दिलं. शेठ म्हणाले, क्लास लाव. म्हणून राजारामपुरीत दोन महिने, शनिवार-रविवार.

मॅडम मात्र एक नंबर. त्या एका वाक्यावर पाऊण तास घेतला. ट्यून म्हणजे चाल. इथं हवं ‘सेट द टोन’. टोन मूळचा ग्रीक ‘टोनोस’, म्हणजे ताण. आपल्या देवल क्लबात गाण्याच्या बैठकीआधी तानपुरा जुळवतात आणि मग सगळं गाणं त्याच सुरात चालतं, तसं. पुढं ‘फॉर’ लावायचं. भूतकाळातही ‘सेट’च, ‘सेटेड’ नव्हे (हे मी तीन वर्षं लिहीत होतो, कुणी बोललं नाही!). ‘सेट द मूड’ वेगळं: मंद दिवे, उदबत्ती, गाणं, म्हणजे वातावरण. टोन म्हणजे पुढचं सगळं कुठल्या धाटणीनं जाणार ते. तक्रारीच्या पत्राचं पहिलंच वाक्य तापट असलं की टोन ठरला, खाली कितीही ‘काइंडली’ लिहा.

बाकी झेरॉक्स फिकट, पंखा नुसता आवाज करतो, गाडी लावायला जागा नाही. बॅचमध्ये वीस जण सांगितले होते, निघाले चौतीस. फीच्या मानानं हे खटकतंच. तरी परवाचं पत्र शेठनी एक शब्द न खोडता पाठवलं.