जुन्या पुस्तकांचं मिश्र खोकं : काही महिन्यांच्या वापरानंतर

वर्ष उलटल्यावर सावकाश लिहायचं ठरवलं होतं, पण गेल्या आठवड्यात एका रहस्यकथेने डोकं फिरवलं, म्हणून आताच लिहितोय.

मिश्र खोकं म्हणजे काय ते इथे सगळ्यांना माहीत आहे. कादंबऱ्या, चरित्रं, विज्ञान, प्रवास, हाताला येईल ते भरलेलं. भाव नगावर नाही, खोक्यावर. एका कोऱ्या कादंबरीच्या किमतीत इतकी पुस्तकं म्हटल्यावर मी फार चौकशा केल्या नाहीत. वर्णनात 'गुड' दर्जा लिहिला होता. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर रहस्यकथा. १९२व्या पानावर तपास रंगात आलाय, संशयित तोंड उघडणार, आणि पान उलटलं तर १७७. पुन्हा तीच बैठक, तेच प्रश्न. म्हटलं ठीक आहे, सोळा पानं ओलांडू. ओलांडली, तर थेट २०९. तिथे सगळे काळे कपडे घालून उभे, आणि पुरला जातोय तोच माणूस जो १९२वर बोलायला बसला होता!

प्रकार साधा आहे. पुस्तक सहसा सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांत, म्हणजे छापील तावाची घडी घालून झालेल्या गठ्ठ्यांत, छापलं जातं आणि बांधणीआधी फर्मे क्रमाने जुळवतात. त्यात बारावा फर्मा दोनदा उचलला गेला आणि तेरावा राहिला. लबाडी अशी की पानांची संख्या तेवढीच भरते, जाडी तेवढीच दिसते, त्यामुळे बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही. कण्यावरच्या सुरकुत्या मात्र बोलतात. निम्म्यापर्यंत कणा मोडलेला, पुढे कोरा करकरीत. म्हणजे आधीच्या मालकांपैकी कोणीच तिथवर पोचलं नव्हतं. अपूर्ण पुस्तक इतकी वर्षं 'उत्तम स्थितीत' राहिलं ते न वाचल्यामुळे.

विक्रेत्याला फोटोंसकट कळवलं. उत्तर आलं, "आम्ही पुस्तकं मोजून देतो, पानं नाही." वर मेहेरबानी म्हणून अख्खं खोकं स्वखर्चाने परत पाठवण्याची मुभा. एका फर्म्यासाठी खोकंभर वजनाचा पाठवणखर्च मी भरायचा!

इथे माझी सटकली. जुन्या पुस्तकांच्या व्यापारात दर्जाचे शब्द हवेतून आलेले नाहीत. अमेरिकेतल्या 'अँटिक्वेरियन बुकमन' या व्यापारी साप्ताहिकाने १९४९ साली ते मांडले आणि बहुतेक विक्रेते आजही त्यांच्याच आसपास चालतात. त्यात 'गुड' म्हणजे वापरलेलं, झिजलेलं, पण सगळी पानं शाबूत असलेलं पुस्तक. त्याखालच्या 'फेअर'मध्ये कोरी पानं नसली तरी चालतात, मजकूर पूर्ण हवा. आणि सगळ्यात तळाचं 'पुअर', डागाळलेलं, पाठ सुटलेलं, तेही फक्त वाचण्यापुरतं उपयोगी का, तर मजकूर पूर्ण असतो म्हणून! म्हणजे माझी प्रत 'पुअर'मध्येसुद्धा बसत नाही. हे सगळं लिहून पाठवलं. मग त्या एका पुस्तकाचा हिस्सा म्हणून काही रक्कम परत आली. इतकी किरकोळ की लिहायला लाज वाटते. पण घेतली.

ग्रंथालयातून त्याच कादंबरीची प्रत काढून सोळा पानांची छायाप्रत करावी म्हटलं, तर त्या आवृत्तीची अक्षरजुळणी नव्याने केलेली, अक्षर मोठं, पानं जुळेनात. शेवटी एकोणीस पानं काढावी लागली. ती कापून गव्हाच्या खळीने आत बसवली आहेत. सेलोटेप लावू नका; ती काही वर्षांत पिवळी पडून सुटते आणि चिकट डाग मात्र कागदात राहतो.

खोकं आल्या आल्या प्रत्येक फर्म्याचं पहिलं पान पाहायचं, १७, ३३, ४९ असं. जुन्या पुस्तकांत त्या पानाच्या तळाशी बारीक आकडा किंवा अक्षर असतं, तेवढा क्रम पाहिला तरी पुरतं. इंग्रजी अक्षरं असतील तर मधलं 'जे' किंवा 'डब्ल्यू' नाही म्हणून घाबरू नका, तो जुन्या लॅटिन वर्णमालेचा रिवाज आहे.

बाकीचं थोडक्यात. नुसत्या गोंदाने चिकटवलेल्या पुस्तकांतून पानांचे गठ्ठे सुटतायत, शिवलेली ठणठणीत. वर्तमानपत्री कागदाचं सगळं तपकिरी. कसर एकाच पुस्तकात दिसली. ते घट्ट पिशवीत बांधून दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवलं आणि बाहेर काढल्यावर पूर्णपणे खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय पिशवी उघडली नाही.

आता मत बदललं ते. सुरुवातीला माझा हिशोब होता की कादंबऱ्या वाचायच्या आणि माहितीपर पुस्तकं रद्दी, कारण माहिती शिळी होते. झालं उलटंच. कादंबऱ्यांतल्या निम्म्या पन्नास पानांत सुटल्या. आणि खगोलशास्त्राचं एक फाटकं पुस्तक, ज्याला नावाचं पानच नाही, त्याने मला चार संध्याकाळी गुंतवून ठेवलं. ते कधीचं असेल? ग्रह नऊ, याने काही ठरत नाही, तो हिशोब २००६पर्यंत चालला. गुरूचे उपग्रह बारा! बारावा सापडला १९५१ला आणि तेरावा १९७४ला. शनीचे नऊ, म्हणजे १९६६च्या आधीचं. आणि मग एका परिच्छेदात, अगदी सहज, चंद्राची पलीकडची बाजू कोणीही पाहिलेली नाही. सोव्हिएत रशियाच्या लूना ३ या यानाने तिचे फोटो ऑक्टोबर १९५९मध्ये काढले. म्हणजे १९५१ ते १९५९. कुठल्याही खुनाच्या तपासात मला इतकी मजा आली नव्हती, आणि इथे पानंही सगळी होती (नावाचं सोडून).

अपवाद वैद्यकीय पुस्तकांचा. खोक्यातलं एक पोटाच्या अल्सरवर दूध, विश्रांती आणि मनःशांती सांगतं. बहुतेक अल्सरमागे जिवाणू किंवा वेदनाशामक गोळ्या असतात. त्या जिवाणूचा शोध १९८२चा, त्याला नोबेल मिळालं २००५मध्ये. असली पुस्तकं करमणूक म्हणून ठेवा, घरातल्या कोणाच्या हाती औषध म्हणून देऊ नका.

परत घेईन का? घेईन, दुसऱ्याकडून. माहितीपर जास्त आणि कादंबऱ्या कमी असं खोकं मिळेल का, म्हणून एकाला विचारलं. म्हणाला, मिळेल की, पण निवडून हवं असेल तर भाव नगावर.