रेडिएटर फॅन : जुनं वायरिंग दुरुस्त करावं, नवं टाकावं की फॅन ‘डायरेक्ट’ करावा?

सिग्नलला थांबलं की तापमानाचा काटा चढतो आणि गाडी वेगात निघाली की उतरतो, असं होत असेल तर पहिला संशय फॅनवर घ्या. धावत्या गाडीत समोरची हवाच रेडिएटर थंड करते. उभ्या गाडीत ते काम फॅनला करावं लागतं.

खर्च ठरवण्याआधी बिघाड कुठे आहे ते शोधा. फॅनचा कपलर (वायर जोडणारा प्लास्टिकचा प्लग) काढून मोटरला फ्यूज लावलेल्या वायरने थेट बॅटरीचा करंट द्या. तरीही फॅन फिरला नाही, किंवा पात्याला ढकलल्यावरच फिरला, तर मोटर गेली आहे. बहुधा आतले कार्बन (फिरत्या भागाला करंट पोचवणारे ब्रश) झिजलेत. अशा वेळी कितीही नवं वायरिंग टाकलं तरी उपयोग नाही. झोकात फिरला, तर दोष फ्यूज, रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), सेन्सर किंवा वायरिंगमध्ये आहे. हात घालताना काळजी घ्या : काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही फॅन अचानक सुरू होतो.

माझा कल मूळ वायरिंग दुरुस्त करण्याकडेच आहे. बऱ्याचदा बिघाड एवढासाच निघतो : रिलेचे पॉइंट जळालेले, अर्थ (गाडीच्या बॉडीला जोडलेली निगेटिव्ह वायर) गंजलेला, कपलर वितळलेला. दोन वेगांच्या फॅनचा फक्त कमी वेग बंद असेल तर आधी रेझिस्टर (करंट अडवून वेग कमी करणारा भाग) पाहा. कपलर मात्र नुसता बदलून गप्प बसू नका. 20 अँपिअर करंट वाहताना जोडात 0.1 ओहमचा अडथळा असला, तर तिथेच 2 व्होल्ट खर्ची पडतात आणि 40 वॅट उष्णता तयार होते. प्लास्टिक वितळायला तेवढी पुरते. बेअरिंग जड झाल्यामुळे मोटर जास्त करंट ओढत असेल, तर नवा कपलरही तसाच जळेल. म्हणून फॅन चालू असताना बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून मोटरच्या पॉझिटिव्हपर्यंत मीटर लावा. साधारण अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर वाटेत कुठेतरी जोड खराब आहे. अर्थच्या बाजूनेही हेच करा.

वायरचं इन्सुलेशन जागोजागी तडकलं असेल किंवा आधीच्या कुणी टेप गुंडाळून चार जोड दिले असतील, तर नवी लाइन टाकणं शहाणपणाचं. बॅटरीजवळ फ्यूज, तिथून रिलेचं 30 नंबरचं टोक, 87 नंबरच्या टोकावरून मोटर. रिलेच्या 85 आणि 86 या कॉइलच्या टोकांपैकी एकाला अर्थ, दुसऱ्याला फॅनकडे येणारी जुनी पॉझिटिव्ह वायर. कॉइल जेमतेम 0.2 अँपिअर ओढते, त्यामुळे थकलेली वायरही तेवढं काम करते आणि फॅन कधी फिरवायचा हे गाडीचा ईसीएमच (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) ठरवत राहतो. ही जोडणी पॉझिटिव्ह बाजूने चालू-बंद होणाऱ्या फॅनची. तुमच्या गाडीत अर्थ बाजूने होत असेल तर कॉइलची जोडणी बदलेल. 20 अँपिअरच्या आसपासच्या मोटरला 30 चा फ्यूज, 40 चा रिले आणि 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ठीक. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह उलटं झालं तर फॅन उलटा फिरेल आणि हवेशीच झगडेल.

फॅन ‘डायरेक्ट’ करणं, म्हणजे डॅशबोर्डवर बटण लावणं किंवा इग्निशनला जोडून टाकणं, सगळ्यात झटपट होतं. घरापर्यंत पोचायला ते चालेल, त्यापुढे नाही. बटण विसरलं तर इंजिन तापून हेड गॅस्केट (इंजिनचं डोकं आणि ब्लॉक यांमधलं सील) जाऊ शकतं. रिलेविना सगळा करंट छोट्या बटणातून गेला तर ते बटणच तापतं. इग्निशनला जोडलेली मोटर विनाकारण सतत फिरून लवकर झिजते. शिवाय मूळ दोष आत तसाच राहतो.

ईसीएमच्या पल्स सिग्नलवर वेग बदलणारा, स्वतःच्या कंट्रोल मॉड्यूलचा फॅन असेल तर वरची रिलेची जोडणी करू नका. तिथे सर्किट डायग्राम पाहून मूळ वायरिंग दुरुस्त करा, मॉड्यूल गेलं असेल तर त्याच गाडीचं लावा.