एमजीबीसाठी परट्रॉनिक्स इग्निटर: पॉइंटला रामराम

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या लुकास डिस्ट्रिब्युटरमधले (प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटणारा भाग) पॉइंट (करंट तोडणारे संपर्क), कंडेन्सर काढायचे, त्याच प्लेटवर हे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसवायचं. लाल वायर कॉइलच्या प्लसला, काळी मायनसला. मॅग्नेटची रिंग कॅमवर तळापर्यंत दाबा. वर राहिली तर रोटर उंच बसून कॅपला घासतो. पॉइंटमधला 0.38 मिमीचा गॅप सारखा जुळवण्याची कटकट संपते, हे सुख मोठं!

पण 1967 पर्यंतच्या बहुतेक एमजीबी पॉझिटिव्ह अर्थच्या (बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला), त्यांचं किट वेगळं. कॉइल 3 ओहमची हवी, बॅलास्टवाली (वेगळ्या रेझिस्टरसोबत चालणारी) 1.5 ओहमची त्या रेझिस्टरशिवाय ठेवली तर मॉड्यूल तापून जळू शकतं. इंजिन बंद ठेवून किल्ली चालू राहिली तरी तेच. बसवल्यावर टायमिंग लाइटने टायमिंग पुन्हा लावा. डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टचा बुश झिजलेला असेल तर पैसे आधी तिथे घाला.